मराठी जीके क्विझ कार्डांचा डबा: घ्यावा का नाही, घरात खेळून लिहितेय

आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला अर्धा तरी आमच्या मामींमुळं. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, पुढं त्या सारख्या येणारेत म्हणून सांगून ठेवते. डब्याचं नाव टाकत नाही कारण असले चार-पाच डबे सध्या बाजारात आहेत, झाकणावर तोच बल्ब डोक्यावर पेटलेला पोरगा आणि आतला माल एकमेकांचं बघून छापलेला, त्यामुळं एकाचं लिहिलं तरी बाकीच्यांना बऱ्यापैकी लागू होईल. परभणीत स्टेशनरीच्या दुकानात घेतला, छापील किंमत ४९९, घासाघीस करून ३८० ला मिळाला, ऑनलाईन पण साधारण तेवढ्यालाच दिसतोय. सुट्टीत पोरांच्या हातातला मोबाईल सुटावा एवढाच हेतू होता, दुसरं काही नाही.

डबा हातात घेतला की भारी वाटतो, आत मात्र निम्मी जागा थर्माकोलची. कार्डं पातळ आहेत, घामाचा हात लागला की वाकतात, आणि मे महिन्यात परभणीत घामाचा नसलेला हात आणायचा कुठून. वाळूचं छोटं घड्याळ दिलंय ते दुसऱ्याच दिवशी अडकलं, वाळू खालीच येईना, आता मोबाईलवरच टायमर लावतो, म्हणजे ज्याच्यापासून सुटका पाहिजे होती तोच परत मधी येऊन बसला. अक्षर बारीक आहे, मामींना चष्म्यासकट पण वाचता येत नाही. नियमांचा कागद कुठल्यातरी मशीननं मराठी केल्यासारखा आहे, दोन ओळी वाचल्या आणि ठेवून दिला, आम्ही आमचे नियम केले.

पण कार्डं बघा. विषयांप्रमाणं रंग आहेत: इतिहास, भूगोल, विज्ञान, खेळ, आणि एक हिरवा गठ्ठा आहे त्यावर ‘रोजचं जीवन’ लिहिलंय. फक्त या हिरव्या गठ्ठ्यासाठी डबा घेतला तरी पैसे वसूल आहेत असं माझं स्पष्ट मत. कारण या कार्डांच्या मागं नुसतं उत्तर नाही, तीन-चार ओळीत कारण पण दिलंय. बाकीच्या रंगात प्रश्न, उत्तर, संपलं. तमुक देशाची राजधानी काय, आलं तर आलं नाही तर नाही, पुढचं कार्ड घ्या. त्यावर बोलायला काही उरतच नाही.

हिरव्यातलं एक कार्ड, ‘हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?’ हे वाचल्या वाचल्या पोरगी उठली आणि बापाचा पांढरा बनियन घेऊन आली, भाजी सांडलेला. मोरीत नेऊन कपड्याचा वडीसाबण घासला आणि पिवळ्याचं झालं लालभडक, मग त्यावरच लिंबू पिळलं तर परत पिवळं. कार्डामागं लिहिलंय की हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीमध्ये लाल होतं आणि आम्लात पिवळंच राहतं, म्हणजे शाळेत तो लिटमस का काय असतो त्याचंच काम हळद घरात करते. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणल्या ‘आगं त्याच्यात काय नवीन, हळदीला चुना लावूनच तर कुंकू करायचे की पहिले.’ आणि खरंच, चुना म्हणजे अल्कलीच. कार्डावर कुंकवाचा उल्लेखच नाही! मराठी डबा म्हणता आणि हळदीच्या कार्डावर कुंकू नाही, याला काय म्हणावं. बनियनचं काय झालं ते विचारू नका.

माठाचं कार्ड पण असंच जमलेलं आहे. माठातलं पाणी गार का होतं, तर भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता ओढून नेते. हवा जेवढी कोरडी तेवढं बाष्पीभवन जोरात, म्हणून आमच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला माठ जो काम करतो ते कोकणातल्या दमट हवेत करत नाही, कूलरचं पण तेच. नणंद रत्नागिरीला दिलीय, तिनं इथून कौतुकानं माठ नेला होता आणि नंतर फोनवर ‘वहिनी तुमचा माठ बिघडला’ म्हणून तक्रार केली होती, तिला कार्डाचा फोटो पाठवला. फक्त जुना माठ गार का करत नाही ते कार्डात नाही, ते मी सांगते, आपल्या बोअरच्या जड पाण्यातला क्षार छिद्रात बसतो आणि झिरपणंच बंद होतं, दुसरं काही नाही.

आणि विजेचं कार्ड तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात पाहिजे. वीज चमकली की मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत जेवढे सेकंद होतील त्याला तीननं भागायचं, तेवढे किलोमीटर वीज लांब, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि उजेड तर लगेचच येतो. तीस सेकंदाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, मग आडोसा म्हणून झाडाखाली उभं राहायचं नाही, सरळ पक्क्या घरात जायचं. मे-जूनमधी वळवाच्या पावसात आपल्या भागात विजेनं माणसं-जनावरं किती दगावतात ते पेपरात वाचतोच आपण. पोरं आता आभाळ आलं की ओसरीत बसून मोठ्यानं आकडे मोजतात.

आता ज्या कार्डावरून घरात सगळ्यात मोठं भांडण झालं ते सांगते. प्रश्न साधा, ‘मिरची मूळची कुठली?’ पर्याय गुंटूर, कोल्हापूर, मेक्सिको, पोर्तुगाल. भाऊजी म्हणले गुंटूर, मामी म्हणल्या असले प्रश्न काढणाऱ्यालाच मिरची खाऊ घाला. उत्तर मेक्सिको, म्हणजे अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्याकडं आणली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झाली १२९० मध्ये, म्हणजे ज्ञानोबांच्या काळात इथं मिरचीच नव्हती, तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ. इथपर्यंत मामींनी कसंबसं ऐकून घेतलं. पण त्याच कार्डाच्या खाली बारीक अक्षरात होतं, ‘बटाटा, शेंगदाणा, रताळे, राजगिरा आणि साबुदाण्याचा कंद हेही अमेरिका खंडातूनच आले.’ झालं. तुम्हीच बघा ना, उपवासाची खिचडी घ्या, साबुदाणा तिकडचा, शेंगदाण्याचा कूट तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, वर राजगिऱ्याचा लाडू तो पण तिकडचाच! इथली म्हणून उरली ती भगर आणि ताक. मामी आयुष्यभर एकादशी धरणाऱ्या, पाय चांगले होते तोवर वारीला जाणाऱ्या, त्यांना हे काही पटेना. ‘मग ज्ञानोबा-जनाबाई एकादशीला काय खात होते ते सांग की!’ त्यावर आमचा धाकटा, सातवीतला, मान वर न करता म्हणतो, ‘आजी, उपवास होता ना त्यांचा.’ पुढचे दहा मिनिटं कुणी कार्डच उचललं नाही, हसून हसून पोट दुखलं. असं एक कार्ड निघालं की त्या दिवशीचा डबा वसूल.

बरं आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

विज्ञानाच्या निळ्या गठ्ठ्यात जिभेचं चित्र आहे, टोकाला गोड, कडेला खारट आणि आंबट, मागं कडू. हे आपण सगळेच शाळेत शिकलो आणि हे चूक आहे. १९०१ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञानं कुठल्या कडेला कुठली चव जरा लवकर कळते याचं मोजमाप केलं होतं, फरक अगदी किरकोळ होता, पण पुढं इंग्रजी पुस्तकात आकृती काढणाऱ्यांनी त्याचे जिभेवर प्लॉटच पाडून टाकले. खरं म्हणजे पाचही चवी (पाचवी म्हणजे उमामी) जिभेवर सगळीकडं कळतात. पोरांनी लगेच करून बघितलं, साखर मागं ठेवली, कारल्याचा रस टोकाला लावला, तोंडं वाकडी झाली आणि कार्ड खोटं पडलं. आता जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे आपण म्हणतोच, पण जर्मनीच्या नावावरची चूक परभणीत पकडली जाईल असं काही डबेवाल्यांना वाटलं नसावं.

बाकी चुका पटापट सांगते. भारताची राष्ट्रभाषा हिंदी, असं छापलंय. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच कुठल्या भाषेला लावलेला नाही, ३४३ व्या कलमात हिंदी ही केंद्राची राजभाषा आहे आणि आठव्या परिशिष्टात मराठी धरून २२ भाषा आहेत. राष्ट्रीय खेळ हॉकी, हे पण नाही, सरकारनं कुठलाच खेळ तसा अधिकृत जाहीर केलेला नाही, माहितीच्या अधिकारात क्रीडा मंत्रालयानंच २०१२ मध्ये तसं सांगितलंय. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, नाही दिसत, भिंत लांब असली तरी रुंदीला एखाद्या रस्त्याएवढी, तिथून काय दिसणार. एव्हरेस्ट ८८४८ मीटर, तर २०२० च्या शेवटी नेपाळ आणि चीननं मिळून ८८४८.८६ जाहीर केलं, हे एकवेळ चालवून घेऊ. पण महाराष्ट्रात जिल्हे ३५? अहो पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला! डब्यावर छपाईचं साल नवीन टाकलंय आणि आत पालघर अजून ठाण्यातच आहे. म्हणजे जुनाच माल नव्या झाकणात.

लीप वर्षाचं कार्ड अर्धं बरोबर आहे, दर चार वर्षांनी येतं म्हणे, पण शतकाच्या सालाला ४०० नं भाग जायला लागतो हे लिहिलंच नाही, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. आणि लीप वर्ष सांगताय तर अधिक महिन्यावर पण एक कार्ड टाकायचं ना राव. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५, दरवर्षी अकरा दिवस मागं पडत पडत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो, एवढं सोपं आहे. २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा आमच्या ह्यांना माझ्या माहेरून धोंडे आले होते, त्यांचा हिशोब त्यांना कार्डाशिवाय पाठ आहे.

भूगोलात एक प्रश्न आहे, ‘महाराष्ट्रातील सर्वात मोठे धरण कोणते?’ उत्तर कोयना. आता हा प्रश्न मराठवाड्यात असा उघड्यावर विचारायचा असतो का? मोठं म्हणजे कशानं ते तरी सांगा. उंची म्हणाल तर कोयनेची भिंत १०३ मीटर, बरोबर. लांबी म्हणाल तर जायकवाडीचा मातीचा बांध दहा किलोमीटरच्या आसपास जातो, पैठणला जाऊन चालत बघा. पाणी किती मावतं म्हणाल तर कोयना, जायकवाडी, उजनी तिन्ही शंभर टीएमसीच्या वरचे, पण त्यात उजनी पुढं. भाऊजी आणि आमचे हे या एका कार्डावरून वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या वादापर्यंत गेले, जेवणं थंड झाली. हे भांडण त्या उपवासाच्या भांडणासारखं नव्हतं, यात कुणालाच काही नवीन कळलं नाही, कारण मुळात प्रश्नच नीट विचारलेला नव्हता. असे अर्धवट प्रश्न पिवळ्या गठ्ठ्यात बरेच आहेत, ‘सर्वात मोठे वाळवंट’ विचारून सहारा उत्तर दिलंय, पाऊस-बर्फ किती पडतो यावर वाळवंट ठरवलं तर अंटार्क्टिका मोठं, सहारा हे उष्ण वाळवंटांत मोठं, एक ‘उष्ण’ शब्द टाकायला काय शाई जास्त लागत होती का?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर मराठवाड्याच्या नावावर एकूण तीन प्रश्न. अजिंठ्यात लेण्या किती, वेरूळचं कैलास लेणं कोणत्या राजघराण्याच्या काळातलं, आणि बिबी का मकबरा कुणी बांधला. पहिली दोन उत्तरं ठीक, तिसऱ्याला उत्तर नुसतं औरंगजेब, पण बांधणारा म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याच्या पोराचं, आझमशाहाचं नाव देतात, आईच्या म्हणजे दिलरास बानो बेगमच्या कबरीवर बांधलाय. पुण्याच्या पेठांवर आठ-दहा प्रश्न आहेत, बरं का. आणि इकडं बारा ज्योतिर्लिंगांतली घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ एकट्या मराठवाड्यात मानतात त्यावर काही नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, अख्ख्या देशाच्या बातम्यांत होतं, त्यावर नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायच्या आत सगळं झालं, त्यावर पण नाही. भूकंपाचा एक प्रश्न आहे, तो जपानचा.

इतिहासाच्या कार्डावर १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला एवढंच आहे. मामींचे वडील रझाकारांच्या वेळेस गाव सोडून रानात राहिलेले, त्या म्हणल्या आमचं स्वातंत्र्य ते नव्हं, आमचं त्याच्यानंतर तेरा महिन्यांनी. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, तोवर इथं निजामाच्या हैदराबाद संस्थानात तिरंगा लावला तर तुरुंग होता. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, कार्ड छापणाऱ्याला नाही. या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, त्यांचं नाव अख्ख्या डब्यात नाही, नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे तेवढं तरी विचारायचं.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण दुकानदारानं मला ‘तलाठी, पोलीस भरती सगळ्याला चालतंय ताई’ असं सांगूनच विकलाय. नाही चालत. भाऊजी दोन वर्षांपासून अभ्यासिकेत बसतात, त्यांनी गठ्ठा चाळला आणि पाच मिनिटांत बाजूला ठेवला. आता परीक्षेत ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत’ असं विचारतात, एका शब्दाच्या उत्तरांनी काही होत नाही, वर यातल्या चालू घडामोडी इतक्या शिळ्या आहेत की कझाकिस्तानची राजधानी नूर-सुलतान दिलीय, २०२२ लाच ती परत अस्ताना झाली. त्यांचं म्हणणं पाचवी ते बारावीची शाळेची पुस्तकं आणा, रद्दीवाल्याकडं किलोवर मिळतात, ती वाचा, आणि मला ते पटतंय.

चुकांची यादी करून झाकणावरच्या नंबरवर पाठवली होती. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. फोन केला तर ‘साहेब बाहेर गेलेत, पुढच्या आवृत्तीत बघू.’ पुढची आवृत्ती म्हणजे नवं झाकण असं मी आता धरून चाललेय.

एक गोष्ट मात्र डबेवाल्यांनी चांगली केलीय, शेवटी काही कोरी कार्डं दिलीत, स्वतःचे प्रश्न लिहायला. ती आता आमच्या घरात सगळ्यात जास्त खेळली जातात. मामी सांगतात, पोरगी लिहिते. जनाबाईंचं गाव कोणतं? गंगाखेड. ज्ञानोबांचं? आपेगाव. नामदेवांचं? नरसी, यावर सगळ्यांचं एकमत नाही असं भाऊजी म्हणले तर मामींनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी कार्ड गपचूप खाली ठेवलं. रामदासांचं? जांब. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा कधी झाला? १ मे १९९९. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार कधी? १४ जानेवारी १९९४. गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण कुठं? नांदेडला, १७०८ मध्ये. कोरी कार्डं संपली तर लग्नपत्रिका कापून घ्या, त्यांचा कागद या कार्डांपेक्षा जाड असतो.

घ्यायचाच असेल तर दुकानात डबा उघडून दाखवायला सांगा, दाखवतात. महाराष्ट्राचे जिल्हे आणि राष्ट्रीय खेळ ही दोन कार्डं काढा, ३५ आणि हॉकी दिसलं तर दुसऱ्या कंपनीचा बघा. आणि कारण छापलेला गठ्ठा आहे का तेवढं बघा, तो नसेल तर १५० च्या वर देऊ नका. घरी आणल्यावर प्रत्येक रंगाला वेगळं रबर लावा, आतलं थर्माकोल महिनाभर टिकत नाही.